गुडघा वाजतोय म्हणून चालणं सोडू नका

चार दिवस झाले आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. गुडघा कटकट वाजला म्हणजे आतलं ग्रीस संपलं, आता जेवढं चालाल तेवढी हाडं झिजणार, तेव्हा चालणं बंद करा आणि पायाचं सूप प्या, ग्रीस परत भरतं. शिवाय तालीम सोडली की मसलची चरबी होते म्हणे. हे वाचून आमच्या आत्यानं कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावरची रोजची फेरी बंद केली, म्हणून लिहितोय.

ग्रीसचं आधी. सांध्यातलं वंगण कुणी एकदा भरून दिलेलं नसतं, सांध्याचं आतलं अस्तर ते कायम तयार करत असतं आणि जुनं शोषून घेत असतं, आणि चांगल्या गुडघ्यात पण ते जेमतेम चमचाभर. आवाज येतो तो बऱ्याचदा त्या वंगणातल्या गॅसच्या बुडबुड्याचा. दुखत नसेल, सूज नसेल तर नुसत्या आवाजाला भ्यायचं कारण नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरनी 60 वर्षांवर फक्त डाव्या हाताची बोटं कडाकडा मोडली, उजव्याची सोडून दिली, शेवटी संधिवात दोन्हीकडं नाही (2009 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं त्यांना). एका माणसावरून सगळं सिद्ध होत नाही, पण भीती किती फुकटची आहे ते कळतं.

आता चालणं बंद करा, हे सगळ्यात घातक. हाडाच्या टोकावर जी पांढरी गुळगुळीत कूर्चा असते, आपण गादी म्हणतो ती, तिला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे पोषण बाहेरनंच यायला पाहिजे. ते तुटलं की काय होतं ते बघायचं तर कुठल्याही तालमीत जाऊन जुन्या पैलवानाचा कान बघा, कानात पण कूर्चाच असते. घासून घासून, मार लागून कानाची कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यात रक्त साठतं, आवरणातून मिळणारं पोषण तुटतं आणि कान गोळा होऊन कडक बनतो. गुडघ्यातल्या कूर्चेला तर ते आवरण पण नाही, तिचं पोषण मुख्यतः त्या वंगणातूनच, आणि पाऊल टाकलं की दाब पडतो, उचललं की सुटतो, ओला स्पंज दाबून सोडावा तसं, त्या दाबण्या-सोडण्यानं ते आत खेळतं. बसून राहिलात तर तेच थांबतं, वर मांडी बारीक होते ती वेगळीच.

सूप चवीला प्या की, कोण नको म्हणतंय. पण त्यातलं कोलॅजन नावाचं प्रथिन पोटात पचून सुटं होतं, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही.

आणि मसलची चरबी होत नाही, दोन्हीच्या पेशीच वेगळ्या. मेहनत सुटते, दूध-तूप-बदामाचा खुराक तोच राहतो, मग स्नायू बारीक होतात आणि चरबी वाढते, एकाच वेळी, एवढंच.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा द्यायला लागला तर मात्र हाडाच्या डॉक्टरला दाखवाच.

आत्याला काल सांगून आलोय, पूर्ण फेरी लगेच नको, शालिनी पॅलेसच्या बाजूनं दहा मिनिटं चल, रोज थोडं वाढव, आणि खुर्चीवरनं हात न टेकता दहा वेळा उठायचं, मांडीच्या पुढच्या स्नायूंनीच गुडघ्याची वाटी धरलेली असते.