हर्स्टच्या बोटीवर पाणी नेमकं कुठं मुरलं?

थॉमस इन्सला गोळी घातली असं मला वाटत नाही. आधीच सांगून टाकतो, कारण मूकपटांच्या काळातलं हॉलिवूड म्हटलं की कुणी ना कुणी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगतंच.

नोव्हेंबर 1924. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टची आलिशान यॉट, ‘ओनायडा’. सोबत त्याची प्रेयसी, नटी मॅरियन डेव्हिस. (हर्स्टची लग्नाची बायको होती. सगळ्यांना माहीत, पण बोलणार कोण?) इन्स हा बडा निर्माता, कारखान्यासारखे धडाधड सिनेमे काढणारा. त्याचा वाढदिवस होता आणि हर्स्टशी धंद्याची बोलणीही चालू होती. सॅन डिएगोला तो बोटीवर चढला आणि लगेचच आजारी पडला. आगगाडीनं घरी नेताना तब्येत आणखी बिघडली, म्हणून वाटेत डेल मार गावी उतरवून हॉटेलात ठेवलं. 19 तारखेला बेव्हर्ली हिल्सच्या घरी तो वारला. कारण दिलं हृदयविकाराचं. दोन दिवसांत दहनही उरकलं.

मग सुरू झाली कुजबुज. म्हणे मॅरियन चार्ली चॅप्लिनसोबत सापडली, हर्स्टनं पिस्तूल काढलं आणि गोळी लागली भलत्यालाच. म्हणे सिनेमावर लिहिणाऱ्या पत्रकार लुएला पार्सन्सनं ते पाहिलं, म्हणून तिला हर्स्टकडं जन्माची नोकरी मिळाली. अहो, ती बाई 1923 पासूनच हर्स्टच्या पेपरात होती! गोळीची गोष्ट अशी बोट लावताच उसवते.

म्हणून हर्स्टला सोडून द्यायचं? मुळीच नाही. सॅन डिएगोच्या सरकारी वकिलानं ‘चौकशी’ केली. कुणाची? एकट्या डॉ. गुडमनची. ते बोटीवर होते हे खरं, पण ते हर्स्टच्याच चित्रपट कंपनीत कामाला होते. त्यांनी अपचन आणि हृदयाचं दुखणं सांगितलं, फाइल बंद. देशात दारूबंदी आणि बोटीवर दारू झाल्याची चर्चा. त्यावर साहेब म्हणाले, ते लॉस एंजेलिसवाल्यांनी बघावं. बाकीचे पाहुणे, खलाशी, आचारी यांना कुणी हाकसुद्धा मारली नाही. चॅप्लिननं पुढं आत्मचरित्रात लिहिलं की आपण बोटीवर नव्हतोच, आणि मरणाच्या दोन आठवडे आधी आपण हर्स्ट-मॅरियनसोबत इन्सला घरी भेटून आलो. दोन आठवडे? बोटीवर आजारी पडल्यावर माणूस चार दिवसही जगला नव्हता.

मला खरी चीड येते ती रॉस्को आर्बकलची आठवण झाली की. 1921 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलातल्या पार्टीनंतर व्हर्जिनिया रॅपे वारली आणि ह्याच हर्स्टच्या पेपरांनी त्या जाड्या विनोदी नटाला रोज पहिल्या पानावर सोलून काढलं. तिच्या मृत्यूबद्दल त्याच्यावर तीन खटले झाले. तिसऱ्या ज्युरीनं काही मिनिटांत निर्दोष सोडलं, वर ह्याच्यावर मोठा अन्याय झाला असं लिहूनही दिलं. तरी आठवडाभरात त्याच्या सिनेमांवर बंदी आली. बंदी पुढं उठली, पण तो पडद्यावरचा मोठा नट पुन्हा झालाच नाही. दुसऱ्याच्या खोलीत काय झालं ते विकून पैसा करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या बोटीवर पाहुणा आजारी पडतो, तेव्हा मात्र एका साक्षीवर काम भागतं! असल्या माणसाबद्दल गोळीची अफवा शंभर वर्षं टिकली तर मला तरी त्याची कणव येत नाही.

आपल्याकडं इन्सनंतर दोनच महिन्यांनी, 12 जानेवारी 1925 ला, मलबार हिलवर बावला खून झाला. इंदूर दरबारची नर्तकी मुमताज बेगम गाडीतून पळवायला आलेल्या टोळीनं व्यापारी अब्दुल कादर बावलाला गोळ्या घातल्या. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी नेमके तिथं पोचले, एकानं तर गोल्फच्या काठीनंच हल्लेखोरांना झोडलं, म्हणून माणसं हाती लागली. कोहिनूर कंपनीनं त्याच वर्षी त्यावर ‘कुलीन कांता’ हा मूकपटही काढला. हल्लेखोरांवर खटला चालला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांपुढं पर्याय आला, चौकशी आयोग की गादी. 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली, आयोग टळला. हर्स्टला तर तेवढंही सोडावं लागलं नाही.