बेळगावच्या कारखानदारांनी आता बोलायला हवं

जुलै 2024 मधले ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. कर्नाटक मंत्रिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं. खासगी कारखान्यांत आणि कंपन्यांत व्यवस्थापनातल्या 50 टक्के आणि बाकीच्या 70 टक्के जागा स्थानिकांना द्यायच्या. बेंगळुरूचे उद्योजक लगेच बोलले. किरण मुजुमदार-शॉ बोलल्या, मोहनदास पै बोलले, आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉमनं पत्रक काढलं. दोन दिवसांत सरकारनं विधेयक बाजूला ठेवलं.

विधेयक चांगलं की वाईट, हा वेगळा विषय. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की राज्यातल्या नोकऱ्यांचा एवढा मोठा निर्णय काही उद्योजकांनी तोंड उघडल्यावर थांबला. आणि त्याच विधेयकात स्थानिक कोणाला म्हणायचं हेही लिहिलं होतं: जो राज्यात जन्मला, 15 वर्षं इथं राहिला आणि ज्याला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं तो. बेंगळुरूत वाद झाला तो बाहेरून कुशल माणसं आणायची मोकळीक राहणार की नाही यावर. आमच्या भागात खरा प्रश्न दुसराच होता. खानापूर तालुक्यातल्या, येळ्ळूर-मच्छेतल्या, निपाणीकडच्या मराठी शाळेत शिकलेल्या पोराचं काय? ज्याच्या पणजोबाची शेती याच मातीत आहे, त्याचं कन्नड लिहिणं कच्चं असेल तर तो स्थानिक नाही? या पोरांना रोज कामावर घेणारे, त्यांच्या हाताची किंमत ओळखणारे आमचे कारखानदार आहेत. त्या दोन दिवसांत त्यांच्यातून एक ठाम आवाज यायला हवा होता. मला तरी तो ऐकू आला नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एक छोटं मशीन शॉप चालवतो. फौंड्रीतून, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातून, कास्टिंग येतं, आम्ही बोअरिंग, फेसिंग, ड्रिलिंग करून परत पाठवतो. मोठ्या धंद्यातला माणूस मी नव्हे. पण या भागाच्या पोटापाण्याचं काय होणार याची काळजी मला रोज वाटते, म्हणून हे लिहितोय.

बेंगळुरू आज जे आहे ते आपोआप झालेलं नाही. म्हैसूर संस्थानात 1911 साली आर्थिक परिषद सुरू झाली तेव्हा विश्वेश्वरय्यांनी अधिकारी, व्यापारी आणि शेतीतले जाणकार एकत्र बसवले. 1940 मध्ये वालचंद हिराचंद यांना विमानाचा कारखाना काढायचा होता, तेव्हा म्हैसूर सरकारनं पुढं होऊन जागा आणि भांडवल दिलं. आजच्या एचएएलचं मूळ तिथं आहे. 1970 च्या दशकात आर. के. बालिगांनी इलेक्ट्रॉनिक्स सिटीची कल्पना मांडली. 1999 मध्ये एस. एम. कृष्णांनी शहराच्या कारभारासाठी एक कृतिदल नेमलं आणि नंदन निलेकणींना त्याचं अध्यक्ष केलं. हे कृतिदल महापालिका आणि इतर संस्थांच्या अधिकाऱ्यांना जाहीर कार्यक्रमात बोलवायचं आणि काय करणार, काय झालं हे लोकांसमोर सांगायला लावायचं. त्यावर टीकाही झाली, आणि मला ती रास्त वाटते. निवडून आलेले नगरसेवक बाजूला पडले आणि झोपडपट्टीतल्या माणसाला त्या टेबलावर खुर्ची नव्हती. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या उद्योजकांनी स्वतःच्या गेटबाहेरच्या रस्त्याचाही विचार केला. त्यांनी शहराबद्दल मत बनवलं, ते जाहीर मांडलं आणि त्यासाठी सरकारशी भांडले.

आज एकट्या बेंगळुरू शहर जिल्ह्यातून राज्याच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग येतो. 2002 मध्ये नंजुंडप्पा समितीनं राज्यातल्या 175 पैकी 114 तालुक्यांना मागास म्हटलं होतं. हे अंतर भरून काढायचं असेल तर त्या भागातून बोलणारी माणसं लागतात. निवेदनं देऊन हे अंतर भरत नाही.

आमच्याकडं तशी माणसं नव्हती असं नाही. सगळ्यात मोठं नाव तर इथंच उभं राहिलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईची नोकरी सोडून ते बेळगावात आले, भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. नंतर कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळं नांगर घ्यायला कोणी तयार नव्हतं. तरी त्यांनी सोडलं नाही. कारखाना वाढायला लागला आणि नगरपालिकेनं शहराच्या विस्तारासाठी ठळकवाडीची ती जागा खाली करायला सांगितली. हातात पैसा नाही, जागा नाही. अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले, आपल्या संस्थानात माळरानावर जमीन दिली, कर्ज दिलं, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंगानं भरलेल्या माळावर कारखाना, घरं, शाळा सगळं झालं. पुढं त्याच घराण्यानं 1941 मध्ये हरिहरला आणि 1946 मध्ये बेंगळुरूला कारखाने काढले. बेळगावकडं राहिलं ते किर्लोस्कर रस्ता हे नाव. त्या रस्त्यावर दिवाळीची खरेदी करणाऱ्या किती जणांना ही हकिकत ठाऊक असेल?

ही हकिकत मी मुद्दाम एवढी लांबवली. औंध हे छोटंसं संस्थान, त्याचं उत्पन्न ते किती! पण राजानं एका कारखानदाराची किंमत ओळखली आणि कारखानदारानं त्या माळावर गाव वसवलं. नगरपालिकेला मात्र तो फक्त जागा अडवून बसलेला माणूस दिसला. उद्योजक आणि सरकार यांच्यातलं नातं नीट असलं तर काय होतं आणि नसलं तर काय होतं, हे दोन्ही आपल्याच इतिहासात लिहिलेलं आहे.

नंतरही माणसं झाली. रावसाहेब गोगट्यांनी खाणीतून, धंद्यातून मिळवलेला पैसा शिक्षणाला दिला आणि कर्नाटक लॉ सोसायटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव लागलं. आज उद्यमबागेतले कितीतरी मालक आणि इंजिनिअर त्याच कॉलेजातून बाहेर पडलेत. संकेश्वरकडं अप्पण्णगौडा पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1969 मध्ये हुक्केरीची ग्रामीण वीज सहकारी संस्था काढली. शेतकऱ्यांच्या संस्थेनं गावोगावी वीज पुरवायची, ही कल्पना त्या काळात किती मोठी होती! मच्छेत सुरेश हुंद्र्यांनी पॉलीहायड्रॉन काढून दाखवलं की चोख हिशेब ठेवून, कामगारावर विश्वास टाकून हायड्रॉलिक्सचा कारखाना नफ्यात चालतो. 2009 मध्ये हत्तरगीला एकस कंपनीचं विमानाच्या सुट्या भागांचं औद्योगिक क्षेत्र सुरू झालं. एअरबस आणि बोइंगच्या विमानांना लागणारे भाग आज हुक्केरी तालुक्यात बनतात. मराठी, कन्नड, दोन्ही घरांतली ही माणसं. कोणीही भाषा विचारून वीज दिली नाही की कॉलेज काढलं नाही.

मग आज एवढी शांतता का?

एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी लिहीत नाही. बेळगावात कारखानदारानं सार्वजनिक प्रश्नावर काही म्हटलं की आधी तो कुठल्या बाजूचा हे बघितलं जातं. मराठी मालक बोलला तर तो सीमाप्रश्नाचं राजकारण करतोय असं म्हणतात. कन्नड मालकानं मराठी कामगाराची बाजू घेतली तर त्याच्या पाटीवर डांबर पडायची भीती. सीमाप्रश्नावर माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा आमच्या घरात जे झालं ते मी आजोबांकडून ऐकलंय. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथं काय व्हायचं ते होईल. पण तोवर आमच्या गल्लीतल्या पोरांनी वीस-पंचवीस वर्षं काय खायचं? निकालाची वाट बघत कोणाची भट्टी थांबत नाही, कोणाच्या मुलीचं शिक्षण थांबत नाही.

दुसरं कारण हे की बोलण्यापेक्षा निघून जाणं सोपं झालंय. शहरापासून थोड्या अंतरावर, चंदगड तालुक्यात शिनोळी. तिथं महाराष्ट्राच्या सवलती मिळतात म्हणून इथल्या अनेकांनी शेड टाकली. धंदा करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, त्यानं आकडेमोड केली. पण जो गेला त्यानं जाताना इथल्या सरकारला का जातोय ते सांगितलं नाही, आणि सरकारनंही विचारलं नाही.

तिसरं कारण साखरेचं, आणि ते मला सगळ्यात जास्त खुपतं. या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी आर्थिक ताकद उसात आहे. अनेक कारखाने राजकीय घराण्यांच्या हातात आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी दिवस-दिवस बसले, टनाला 3500 रुपये मागत होते, शेवटी 3300 वर तोडगा निघाला. त्या वाटाघाटीत मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. उद्योजकांनी सरकारशी बोलावं असं आपण म्हणतो तेव्हा ते समोरासमोर बसलेत असं धरून चालतो. उद्योजक आणि सत्ताधारी एकाच घरात जेवत असतील तर शेतकऱ्याच्या वतीनं समोर कोण बसणार? राज्याच्या आर्थिक भविष्यात उद्योगपतींचा वाटा असावा असं मी मनापासून मानतो, पण तो वाटा चारचौघांसमोर, उघड असायला हवा.

एकदा आमचे लोक खरंच एकत्र बोलले होते. जून 2023 मध्ये वीजदर वाढले आणि फौंड्रीवाले, वडगाव-शहापूर-खासबागचे यंत्रमागवाले, छोटे जॉबवर्कवाले सगळे रस्त्यावर आले. 22 जूनला चेंबर ऑफ कॉमर्सच्या हाकेनं उत्तर कर्नाटकात बंद झाला. त्या मोर्चात कोण कुठल्या भाषेत घोषणा देतोय याकडं कोणी बघितलं नाही. फौंड्रीच्या विजेच्या भट्टीला वीज लागते आणि मागालाही लागते, बिल सगळ्यांना सारखंच येतं. तेव्हा मला वाटलं होतं की आता काहीतरी कायमचं सुरू होईल. बिलाचा राग ओसरला आणि सगळे आपापल्या शेडमध्ये परत गेले.

फेब्रुवारी 2025 च्या बेंगळुरूच्या गुंतवणूकदार परिषदेत 10.27 लाख कोटींच्या गुंतवणुकीचे प्रस्ताव आल्याचं सरकारनं सांगितलं, नवं औद्योगिक धोरणही आणलं. यातला मोठा वाटा उत्तर कर्नाटकाला येईल असंही मंत्र्यांनी सांगितलं. येऊ दे, आनंदच आहे. पण बाहेरून येणारा मोठा कारखाना जमीन, पाणी आणि सवलत मागतो. इथं आधीच असलेल्या फौंड्र्यांना आणि शॉपना काय लागतं हे त्याला सांगता येणार नाही. ते आम्हालाच सांगावं लागेल.

उदाहरण देतो. माझ्याकडं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, प्रोग्राम लावू शकणारा मुलगा टिकत नाही. शिकतो, हात बसतो, आणि पुणे किंवा गोवा गाठतो. फौंड्रीत साचे करायच्या कामाला आता बिहार, ओडिशाची माणसं आहेत, कारण धूर-धुळीत काम करायला इथला पोरगा तयार नाही. तो आळशी आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. काम सुधारलं, धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसली, पगार बरा झाला तर तो का जाईल? हे एकट्या मालकाला परवडत नाही, क्लस्टरनं, म्हणजे कारखान्यांच्या गटानं, आणि सरकारनं मिळून करायला लागतं. आयटीआयमध्ये शिकवतात ती यंत्रं आणि शॉपमधली यंत्रं यांचा मेळ बसत नाही, तो अभ्यासक्रम ठरवताना उद्यमबागेतल्या दहा मालकांना बोलवायला काय हरकत आहे? आणि तो मुलगा मराठी शाळेतून आला असेल तर पहिले सहा महिने त्याला मराठीत समजावून सांगावं, सोबत कामापुरतं कन्नड आणि ड्रॉइंगमधलं इंग्रजी शिकवावं. यात कुठल्याही भाषेचा अपमान होत नाही.

मोठ्या कारखानदारांना एक गोष्ट आमच्यासारख्यांकडून ऐकावी लागेल. 2006 च्या कायद्यानं लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यायचं असतं. आमच्याच गावातले काही मोठे मालक चार-चार महिने पैसे अडवून ठेवतात, आणि व्यासपीठावर बेळगावच्या विकासावर बोलतात. राज्याला दिशा दाखवायची असेल तर आधी जॉबवर्कवाल्याचा चेक वेळेवर काढा. त्या पैशातून आम्ही पगार देतो.

जिल्ह्यात 18 आमदार आहेत. लोकसंख्येत बेंगळुरूनंतर आमचाच नंबर. हलग्याला 2012 मध्ये सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, दर हिवाळ्यात तिथं सगळं सरकार येतं. माझी मागणी साधी आहे. पुढच्या अधिवेशनाआधी चेंबरनं, फौंड्री क्लस्टरनं आणि यंत्रमागवाल्यांच्या संघटनांनी मिळून उद्यमबागेत उघड बैठक घ्यावी. सगळ्या 18 आमदारांना बोलवावं, ते आले की नाही ते लिहून ठेवावं. कामगारांचे आणि ऊस उत्पादकांचे प्रतिनिधी त्याच टेबलावर बसवावेत, मागं खुर्च्या टाकून नव्हे. कन्नडमध्ये बोलणाऱ्यानं कन्नडमध्ये बोलावं, मराठीत बोलणाऱ्यानं मराठीत. खानापूरला मोठा उद्योग का येत नाही, वीज कंपनी हेस्कॉमचा पुरवठा उन्हाळ्यात का तुटतो, शिनोळीला गेलेले लोक कशामुळं गेले, हे तीन प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावेत आणि उत्तरं छापून काढावीत.

जागा हवी असेल तर रविवारी माझं शॉप बंद असतं. मशीन बाजूला सारल्या की बरीच माणसं बसतील.