डिझेल १० टक्के वाढलं म्हणून चादर १० टक्के महागत नाही

डिझेल १० टक्के वाढलं, आता चादरीपासून टोमॅटोपर्यंत सगळं १० टक्के महागणार, असा मेसेज सोलापुरात व्हॉट्सॲपवर फिरतोय. गणित चुकलंय. समजा, ४०० रुपयांच्या चादरीत वाहतुकीचे २० रुपये आणि त्यातलं निम्मं डिझेल. वाढ झाली एका रुपयाची! चादरीला खरा चटका बसतो तो सुताच्या भावाचा, यंत्रमागाच्या वीजबिलाचा आणि रंगाईच्या बॉयलरचा. टोमॅटोचं वेगळं आहे: माल स्वस्त, वजन जास्त, म्हणून भाड्याचा वाटा मोठा. शिवाय किरकोळ महागाई मोजणाऱ्या निर्देशांकाच्या, २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत ‘इंधन व प्रकाश’ गटाचा वाटा ६.८४ टक्केच होता. गाडीत भरायचं पेट्रोल-डिझेल त्यात नव्हतंच, ते ‘वाहतूक व दळणवळण’ गटात धरलं जायचं.