कोल्हापूर बेंच झालं, आता निकालही समजेल अशा भाषेत द्या

न्यायालयाची कामं लोकांना सोपी व्हावीत याबद्दलच्या तुमच्या लेखात ई-फायलिंग (कागदपत्रं ऑनलाइन दाखल करणं) आणि ऑनलाइन सुनावणीवर भर आहे, तो योग्यच. पण आमच्यासारख्या पक्षकारांना खरा दिलासा मिळाला तो अंतर कमी झाल्याने. बाबांचं जमिनीचं अपील उच्च न्यायालयात होतं. सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, दिवसभर बोर्डाकडे डोळे लावून बसायचं, आणि नंबरच लागला नाही की पुन्हा रात्रीची गाडी. वकिलाच्या फीपेक्षा हा खर्च आणि बुडालेले दिवसच अंगावर यायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरीसह सहा जिल्ह्यांची सोय झाली. आंबोली घाट चढून सकाळी गेलेला माणूस रात्री घरी जेवायला असतो.

दुसरं भाषेचं. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तरी बाबांच्या हातात पडलेला तिथला निकाल इंग्रजीत होता. आपण हरलो की जिंकलो हे त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं. मला याचं आजही वाईट वाटतं.

आणि एक, लेखात सुटलेलं: १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींनाही. माझ्या आत्याला हे केस संपल्यावर कळलं. प्रत्येक तालुका न्यायालयाच्या दारातच या माहितीचा फलक ठळक मराठीत लावायला हवा.