40 मीटरच्या माणसाला 120 मीटरची दोरी!

येवल्याच्या आजोळी आसारी, म्हणजे पतंगाची फिरकी, हातात धरून मोठा झालो मी. दोरा सोडणं आणि गुंडाळणं मला कुणी शिकवू नये. आणि तरी डायव्हिंगच्या दोरीच्या एका रिळाने माझं नाक कापलं!

स्कूबा डायव्हिंग करत बुडालेल्या जहाजात थोडंसं आत शिरायचं आणि त्याच वाटेने बाहेर यायचं, एवढीच माझी हौस. वाट चुकू नये म्हणून दोरी सोडत जायची असते. पहिली गाठ बाहेर मोकळ्या पाण्यात, दुसरी दाराच्या आत. कोर्स केलाय, नियम पाठ आहे: खोली आणि आतलं अंतर मिळून 40 मीटर, बस्स. जहाज 18 मीटरवर असेल तर आत फार तर 22. मग 120 मीटरचं धूड माझ्या गळ्यात का मारता? विकणारा म्हणतो, "असू द्या साहेब, जास्त आहे तर कामाला येईल." अरे, कशाच्या कामाला? ते गुहेत लांबवर जाणाऱ्यांचं! माझ्या कमरेला लटकलं की गंजक्या पाइपात अडकायचंच काम करणार. पण नाशकात वस्तू हातात घेऊन बघायची सोय नाही, फोटो बघून मागवायचं. फोटोत काय, सगळीच रिळं देखणी.

आलं ते काठोकाठ भरलेलं. बादलीत भिजवलं, पार्किंगच्या खांबांना दोरी बांधत सराव सुरू केला. वॉचमनकाका म्हणाले, "मांडव घालताय का?" परत गुंडाळताना दोरी पहिल्यासारखी घट्ट बसेना. कडेवरून उसळली, ड्रमच्या मागे गेली आणि दांड्याला गच्च आवळली. आणि वरून बंद झाकण, चार स्क्रूंचं! खाली गाळ उठलाय, हातात ग्लोव्हज आहेत, स्क्रूड्रायव्हर काय दातात धरू? उघड्या रिळात निदान बोट घालून गुंता काढता येतो.

दोरीही बारीक. मांजाला काच लावावी लागते, जहाजाच्या पत्र्याला आयतीच धार असते. तिथे निदान 24 नंबर जाडीची विणलेली नायलॉन दोरी तरी हवी. हे विकणाऱ्याने सांगायचं की मी?

यापेक्षा बिनमुठीचा साधा स्पूल परवडला, 45 मीटरचा. हाताने गुंडाळताना जीव जातो, निसटला तर उलगडत खाली जातो, मान्य. पण त्यात बिघडायला आहेच काय!

परत करायला फोन केला, तर उत्तर काय मिळालं? "दोरी ओली झालीये, परत घेता येणार नाही." पाण्याखाली वापरायची वस्तू! ओली झाली म्हणून बाद!

आता ती दोरी गॅलरीत बांधलीये. आईने टॉवेल वाळत घातलेत.