छत्तीस गुंठे, एकोणचाळीस सह्या

वडिलोपार्जित जमीन विकायचीय? अभिनंदन. पुढची दहा-बारा वर्षं वेळ कसा घालवायचा हा प्रश्न मिटला. गेल्याच महिन्यात मी कोकणातल्या आमच्या 36 गुंठ्यांपायी दुय्यम निबंधकांच्या दारात बसून आलोय, तेव्हा चार अनुभवाचे बोल.

घरात कुणी गेलं की वारसनोंद अजिबात करू नका. तेरावं करा, वर्षश्राद्ध करा, पण तलाठ्याकडे फिरकू नका. तीन महिन्यांत कळवायचं असतं म्हणे. कळवतंय कोण! आमच्या सातबाऱ्यावर 1961 साली वारलेले पणजोबा परवापरवापर्यंत खातेदार होते, नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, लावून. त्यांना अखेरचा निरोप द्यायला आम्हाला सात मृत्यूदाखले आणि चौदा महिने लागले.

वाटणी तोंडीच ठेवा. 'फणसाच्या खालचं तुमचं, वरचं आमचं' एवढं पुरे. फणस पडला की बघू.

मोजणी तर नकोच.

बहिणींची नावं लावायची घाई करू नका. 2005 साली कायदा बदलला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयानेही मुलीचा हक्क जन्मापासूनचाच असं सांगून टाकलं, पण ते दिल्लीत. आपल्याकडे भाऊबीजेची साडी आहे ना? साडीच्या घडीत हक्कसोडपत्र ठेवा आणि म्हणा, 'ताई, इथे इथे सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे.'

आता सर्वात महत्त्वाचं. प्रत्येक खानदानात एक चुलतभाऊ राखून ठेवावा. तो गणपतीला येतो, आरतीत सर्वांत मोठ्याने ओरडतो, पण घरपट्टीचा विषय निघाला की त्याला फोन येतो. आमच्याकडचा ठाण्याला असतो. हिस्सा 96 पैकी 1, म्हणजे 408 चौरस फूट. तो 'नाही' कधीच म्हणत नाही. 'मी अडवत नाहीये रे, पण मन तयार होत नाही,' असं म्हणतो. मन तयार करायला मी तीनदा ठाण्याला गेलो. तिसऱ्या खेपेला कळलं की मन एका आंब्याच्या कलमात अडकलंय. त्याच्या वडिलांनी ते 1979 साली लावलं, तेव्हा त्याचे पैसे वेगळे हवेत. कलम मी पाहून आलो. अर्ध्यावर बांडगूळ चढलंय, उरलेल्या अर्ध्यावर माकडं. बरं, वेगळे तर वेगळे! खरेदीदारही कबूल झाला. आपापला अविभक्त हिस्सा विकायची मुभा प्रत्येकाला आहे हो, पण सामाईकातला एक जण बाहेर ठेवून घ्यायला घेणारा काय वेडा आहे?

तारीख ठरली. अडतीस जण आले. एक जण नाशिकहून रात्रभर एसटीत उभा राहून आला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याला आम्ही खुर्चीसकट उचलून पहिल्या मजल्यावर नेलं. जन्मभर भात लावून, भांडी घासून तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्यात, मशीन ठसा घेईना. तिने पदराला पुसून पुसून अंगठा सात वेळा टेकवला. आठव्यांदा टेकवायला गेली आणि माझा फोन वाजला. 'आज जमेल असं वाटत नाही, बायकोचं म्हणणं आहे भाव कमी आहे.'

जमेल असं वाटत नाही! आम्ही काय सत्यनारायणाला बोलावलं होतं तुला? वीस वर्षांत त्या जमिनीवर पाय ठेवला नाहीस, कुंपणाला एक तार दिली नाहीस, शेतसाऱ्याचे चार रुपये कधी भरले नाहीस, आणि आज भाव कळतो? खरेदीदार दुसरी जमीन बघून मोकळा झाला.

आणि वाचणाऱ्यांनो, हसू नका. तुमचे वडील, काका काही वेगळं करत नव्हते. माझेही नव्हते. पणजोबांच्या मागे चार मुलं होती. चौघांत एक कागद करायला एक दुपार पुरली असती. चौघेही ओटीवर बसून पान खात राहिले, आणि तो आळस आम्ही एकोणचाळीस जण फेडतोय.

संध्याकाळी आत्याला घरी सोडलं. अंगठा लाल झाला होता. 'परत कधी यायचं रे?' तिने विचारलं.

ठाणेकर, तिला फोन करून तारीख तूच सांग. मी सांगणार नाही.