प्रतिक्रियेला उत्तर: १.१ ‘नॉर्मल’ कुणासाठी?

‘सडेतोड’ यांस,

उच्च रक्तदाब आणि किडनीच्या रक्ततपासण्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते सगळ्यांनीच वाचलं असेल असं नाही, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ. त्याबद्दल तुमचं म्हणणं असं: “क्रिएटिनिन रेंजमध्ये आहे म्हणजे किडनी ठणठणीत. माझं १.१ आहे, आईचंही १.१ आहे. विषय संपला. उगाच लोकांना घाबरवू नका.” पुढे सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी म्हणजे लॅबवाल्यांची दुकानदारी, बीपीच्या गोळ्यांनीच किडन्या जातात, पुनर्नवाच्या काढ्यावर एक ओळही नाही आणि लघवीच्या तपासणीला जागा नाही, हे चार टोले. आणि जाता जाता, “कमिशन किती?”

कमिशनचं आधी. लेखात एकाही लॅबचं नाव नाही, एकाही पॅकेजची शिफारस नाही. उलट ‘फुल बॉडी’च्या जाहिरातीला भुलून साठ तपासण्या करू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ते तुमच्या नजरेतून सुटलं, पण आरोप करायचं राहिलं नाही. मतभेद खुशाल असावेत. पण ज्या माणसाचं आयुष्य बायोकेमिस्ट्रीच्या टेबलामागे गेलं, त्याला हा प्रश्न टाकताना निदान लेख तरी पुरता वाचावा, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

लघवीचा मुद्दा मात्र मान्य. लेख रक्ताबद्दल होता, तरी एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा द्यायला हवी होती. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन, गाळणी बिघडली की लघवीत झिरपतं) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्ये वाढलेलं, ३०० च्या वर बरंच वाढलेलं. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम असेल तर आकडा फुगतो, तेव्हा पुन्हा करायची. पण एक लक्षात घ्या, निव्वळ रक्तदाबामुळे किडनी झिजते तेव्हा कित्येकदा अल्ब्युमिन फारसं झिरपतच नाही. म्हणून लघवी स्वच्छ निघाली तरी रक्ताचा आकडा बघावाच लागतो.

आता तुमचं ते लाडकं वाक्य. विषय संपला म्हणता? १.१ हा एकच आकडा घ्या. पंचवीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल, तर वय, लिंग आणि क्रिएटिनिन धरून चालणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळणीचा अंदाज, येतो साधारण ९६. बासष्ट वर्षांच्या बाईचं तेच १.१ असेल, तर येतो ५७. आकडा तोच, रिपोर्टवर ठळक टाइप दोघांनाही नाही, आणि एकीची गाळणी ६० च्या खाली. असं तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. तुमच्या आईंचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. ते सूत्रात घालून बघा आणि मग मला शिव्या द्या.

असं का होतं? क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ज्याचे स्नायू कमी, त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी. वयस्कर, सडपातळ, प्रथिनं जेमतेम खाणाऱ्या माणसाचं ०.६ असू शकतं. गाळणी निम्मी झाली की क्रिएटिनिन ढोबळमानाने दुप्पट होतं, म्हणजे ०.६ चं १.२. पुरुषांची रेंज बहुतेक लॅबमध्ये १.३ च्या आसपास संपते. निम्मी किडनी गेली आणि रिपोर्ट अजून ‘नॉर्मल’! पुढे १.२ चं २.४ होतं तेव्हा घरात धावपळ सुरू होते, पण पहिली निम्मी गेली तेव्हा कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं.

त्यात रक्तदाबाची चाल आणखी कावेबाज. गाळणीच्या गुच्छात रक्त नेणारी बारीक धमनी वर्षानुवर्षांच्या दाबाने जाड होते, तिचा पोकळ भाग आकसतो, काही गुच्छ सुकून जातात. उरलेले गुच्छ त्यांचं काम ओढतात, म्हणून एकूण गाळणी बराच काळ टिकल्यासारखी दिसते. शिवाय थोडं क्रिएटिनिन गाळलं न जाता नलिकांमधून थेट लघवीत टाकलं जातं, आणि गाळणी उतरते तसा या आडवाटेचा वाटा वाढतो. म्हणजे आकडा तुम्हाला दोन्हीकडून धीर देत राहतो. हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल, तर रस्त्यावर ‘पुढे वळण आहे’ अशी पाटी लावणंही घाबरवणंच.

मग करायचं काय? बीपी असलेल्याने वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन करावं आणि रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्यावा. जुने रिपोर्ट फाईलला लावून ठेवावेत. ०.८, ०.९, १.१ अशी चढण दिसली तर प्रत्येक आकडा रेंजमध्ये असूनही ती डॉक्टरांना दाखवावी. एखाद्या वेळी ०.०५ इकडे-तिकडे होणं काहीच नाही, माणसाचं स्वतःचंच क्रिएटिनिन तेवढं हलतं. शक्यतो लॅब एकच ठेवावी. रिपोर्टखाली बारीक अक्षरात पद्धत छापलेली असते, ‘जाफे’ किंवा ‘एन्झायमॅटिक’. जाफे पद्धतीत पिक्रिक आम्लाचा रंग मोजतात, आणि तो रंग क्रिएटिनिनखेरीज कीटोन, प्रथिनं, काही अँटिबायोटिक यांच्यामुळेही येतो. बिलिरुबिन वाढलेलं असेल तर उलट आकडा खाली ओढला जातो. एका लॅबचं जाफे आणि दुसऱ्या लॅबचं एन्झायमॅटिक शेजारी ठेवून किडनी सुधारली की बिघडली हे ठरवू नये.

आणि रविवारी रात्री मटणावर ताव मारून सोमवारी सकाळी रक्त द्यायला जाऊ नये. मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं, ते आतड्यातून थेट रक्तात येतं. आधीचे बारा तास तरी मांस टाळावं. जिमची क्रिएटिन पावडर चालू असेल तर सांगावं. पाणी न पिता, जुलाब झालेले असताना दिलेलं रक्त किडनीबद्दल कमी आणि कोरडेपणाबद्दल जास्त बोलतं, युरिया, म्हणजे किडनी गाळते तो दुसरा टाकाऊ पदार्थ, तर आधी उडी मारतो. आणि काही रिपोर्टवर युरिया असतो, काहींवर बीयूएन, म्हणजे त्याच युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया, म्हणून बीयूएन १८ वरून युरिया ३८ ‘झाला’ म्हणून घाबरू नये.

सिस्टॅटिन-सी. दुकानदारी म्हणताय, तर मी कुठे म्हटलं सगळ्यांनी करा? हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंवर फारसं अवलंबून नाही. ईजीएफआर ४५ ते ५९ आणि लघवी स्वच्छ, अशा कुंपणावरच्या माणसाला, किंवा पाय कापलेल्या, फार कृश, फार पिळदार माणसाला त्याचा खरा उपयोग. थायरॉइड बिघडलेला असेल, स्टिरॉइड चालू असेल, तर तेही फसवतं. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन-सी दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर जास्त भरवशाचा मानला आहे. ती मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनाही कमिशन मिळत असेल बहुधा.

गोळ्यांचं. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं, हे खरं. गाळणीतून बाहेर जाणारी धमनी सैल पडते आणि आतला दाब उतरतो म्हणून ते चढतं. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायचं. वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर गोळी चालू राहते. त्यापुढे गेली तर डॉक्टर कोरडेपणा, वेदनाशामक गोळ्या, किडनीच्या धमनीतलं आकुंचन शोधतात. ही गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघ्यासाठी परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅक, ही तिन्ही एकत्र आली की किडनीचं खरंच हाल होतं. तुम्ही शिव्या पहिल्या गोळीला घातल्यात, तिसरीचं नावही घेतलं नाहीत. पोटॅशियम वाढून ५.८ आलं तरी आधी रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ (नमुन्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या) लिहिलंय का ते पाहा. रक्त काढताना मूठ दहादा आवळली तरी ते वाढतं. नमुना खराब असेल तर त्याच दिवशी पुन्हा द्या.

काढ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. घ्या. फक्त आधी आणि नंतर, एकाच लॅबमध्ये क्रिएटिनिन करा.

यापुढे आकड्यांवर बोलायचं असेल तर आईंचं वय, क्रिएटिनिन, लॅबने छापलेली पद्धत आणि चालू असलेल्या गोळ्या खाली लिहा. नाव आणि फोन नंबर झाकून रिपोर्टचा फोटो टाकलात तरी चालेल. कमिशनबद्दलच्या प्रतिक्रिया मात्र यापुढे काढून टाकल्या जातील.